संजीवनीची तोंडी परीक्षा

निकाल आला तेव्हा संजीवनी शेंगदाणे भाजत होती. ओट्यावरचा मोबाइल थरथरला, तिने एका हाताने तो उघडला आणि दुसऱ्या हातातलं उलथनं तसंच हवेत राहिलं. शंभरपैकी चोपन्न. पास व्हायला साठ लागत होते. करपलेल्या दाण्यांचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत गेला तेव्हा तिच्या सासूबाई, गोजरबाई, लगबगीने आत आल्या.

"आगं, गॅस बंद कर आधी! काय झालं?"

"आई, सहा मार्कांनी गेले मी."

गोजरबाईंनी गॅस बंद केला, सुनेच्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि एक करपलेला दाणा तोंडात टाकला.

परीक्षा जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीची होती. संजीवनीचा नवरा सुयोग जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका गावात मशिनिस्ट होता. तीन आठवड्यांच्या रजेवर येऊन त्याने लग्न केलं आणि तो परत गेला, त्याला आता नऊ महिने झाले होते. त्याचा तिकडचा परवाना ज्या प्रकारचा होता, त्यात बायकोला बोलवायचं तर तिला ही पहिली पातळी पास होणं भाग होतं. तोवर ती अंबरनाथला कानसईतल्या दोन खोल्यांच्या घरात सासू-सासऱ्यांसोबत राहणार होती. माहेर फार लांब नव्हतं, बदलापूरच्या पुढे चामटोलीला. पण लग्न झालेली मुलगी नऊ महिने नवऱ्याविना सासरी, म्हणजे भेटेल तो एकच विचारायचा, "मग, कधी जायचंय?"

बाहेरच्या खोलीत सासरे, महिपती, पेपर वाचत होते. त्यांना सगळं ऐकू आलं, पण ते उठून आत आले नाहीत. त्या घरात सासरे आणि सून एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण वगैरे काही नव्हतं, तशी रीतच पडली होती. महिपतींना चहा हवा असला की ते म्हणत, "गोजर, चहा होईल का विचार." आणि तीन पावलांवर उभी असलेली संजीवनी म्हणे, "आई, आप्पांना सांगा, ठेवलाय." मधल्या मध्ये गोजरबाईंचं टपालखातं झालं होतं.

त्या दिवशी पेपरच्या आडून महिपती एवढंच म्हणाले, "गोजर, तिला सांग, मनाला लावून घेऊ नको म्हणावं."

दोन दिवसांनी क्लासच्या सरांचा फोन आला. "घरच्यांना घेऊन ये, बेटा. बात करनी है."

क्लास उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, पडद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. दुकान कमलेश सरांच्या वडिलांचं. सर स्वतः हॅम्बुर्गला चौदा वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये होते. वडील थकले म्हणून परत आले, आणि पडद्यांत जीव रमेना म्हणून वर फळा टांगून जर्मन शिकवायला लागले. घरात सिंधी, दुकानात हिंदी, गिऱ्हाइकांशी मराठी आणि वरच्या मजल्यावर जर्मन. बोलताना या चारही भाषा एकमेकींच्या अंगावर सांडत.

गोजरबाईंच्या गुडघ्यांना ते जिने झेपणारे नव्हते, म्हणून संजीवनीबरोबर महिपती गेले. रिक्षात दोघांमध्ये पिशवी ठेवलेली आणि दोघंही आपापल्या बाजूच्या रस्त्याकडे बघत होते.

"आप्पा," सर म्हणाले, "ही मुलगी लिखने में एक नंबर. ऐकण्यात, वाचण्यात पण चांगली. पण तोंडी परीक्षेत पंचवीसपैकी सहा! समोर माणूस बसला की हिचं तोंडच उघडत नाही. घरी बोलायला कोणी पाहिजे. रोज, थोडं थोडं. मी हफ्त्यातून तीन दिवस, त्यात नऊ पोरं. किती बोलणार?"

"घरी कोण बोलणार?" महिपती म्हणाले. "आमच्याकडं कुणाला येतंय?"

"तेच तर."

महिपतींनी फळ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे. तिथे एका चित्रात दिव्याच्या बटणाखाली एक शब्द लिहिला होता. तो त्यांनी बोट लावून वाचला. "ए, यू, एस. हे आमच्या लेथवर होतं."

महिपती अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनियरिंग कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर होते. त्यांच्या हाताखालचं मशीन जुनं, बाहेरून आणलेलं. एका बटणाखाली हीच तीन अक्षरं कोरलेली होती.

"आउस," सर म्हणाले. "म्हणजे बंद."

"बंद?" महिपती थक्क झाले. "मला वाटायचं ऑस्ट्रेलिया. एकतीस वर्षं मी नव्या पोरांना सांगत आलो, हे मशीन ऑस्ट्रेलियाचं आहे!"

कमलेश सर एवढे हसले की खालून कोणीतरी "क्या हुआ?" म्हणून ओरडलं. संजीवनीनेही पदर तोंडाला लावला. हसू ओसरल्यावर महिपती म्हणाले, "मी आलो क्लासला तर चालेल?"

घरी हे कळल्यावर गोजरबाईंनी कपाळाला हात लावला. "बासष्ट वय तुमचं! पोरीबाळींत बसून काय शिकणार? लोक हसतील."

"हसू देत," महिपती म्हणाले. "दिवसभर पेपर वाचून मला तरी कुठं रडू येतंय?"

पुढच्या सोमवारी ते नव्या वहीला कव्हर घालून पहिल्या बाकावर बसले. बाकीची मुलं बहुतेक नर्सिंग केलेली, जर्मनीला जायच्या तयारीतली. त्या मुलींची गाडी आकड्यांशी अडायची. जर्मनमध्ये पंचवीस म्हणताना आधी पाच, मग वीस म्हणतात. शाळा इंग्रजीतून झालेल्या मुली मनात 'ट्वेंटी-फाइव्ह' म्हणत आणि उलटं बोलून बसत.

"ट्वेंटी-फाइव्ह मत सोचो!" सर ओरडत. "पंचवीस सोचो! पाच आधी की वीस आधी?"

महिपतींना विचार करावाच लागला नाही. फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश. पाच-आणि-वीस. एकविसापासून नव्व्याण्णवापर्यंत त्यांनी एका दमात म्हणून दाखवलं. मग लिंगांचा धडा आला. जर्मनमध्ये प्रत्येक नामाआधी तीनपैकी एक शब्द लागतो. डेअर म्हणजे तो, डी म्हणजे ती आणि डास म्हणजे ते.

"हे तिसरंवालं मला हॅम्बुर्गला दहा साल समझला नाही," सर म्हणाले. "ना सिंधीत, ना हिंदीत. तुम्ही मराठी लोक लकी. तो-ती-ते घरातच घेऊन बसलात."

सगळेच शब्द जुळत नव्हते. दूध तिकडे 'ती' होतं आणि सूर्य चंद्रासारखा 'तो' नव्हता, तोही 'ती' होता. पण घर, पाणी, मीठ, तेल, पुस्तक हे सगळे तिकडेही 'ते'च. महिपतींनी त्यांची वेगळी यादी केली आणि घरी येताना रिक्षात मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. एक शब्द चुकला तेव्हा संजीवनी पटकन म्हणाली, "नाही आप्पा, ते डास." म्हटल्यावर तीच दचकली. लग्न झाल्यापासून सासऱ्यांशी ती थेट बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर अर्धा तास सराव, असं ठरलं. महिपती खुर्चीवर, संजीवनी समोर मोड्यावर, मध्ये प्रश्नांचे कागद. पहिल्याच दिवशी घोडं अडलं. जर्मनमध्ये परक्या माणसाला 'झी' म्हणतात, आपलं 'तुम्ही', आणि घरच्या माणसाला 'डू', आपलं 'तू'. घरात बाप असो, आजोबा असो, सासरा असो, सगळ्यांना डूच.

"मी नाही म्हणणार," संजीवनी वहीत बघत मराठीत म्हणाली. "आप्पांना 'तू' कसं म्हणू?"

"आगं, व्याकरण आहे ते. सर म्हणाले ना," महिपती म्हणाले.

"व्याकरण असलं म्हणून काय झालं?"

शेवटी ती 'झी'च म्हणत राहिली. महिपती तिला 'डू' म्हणत आणि ती त्यांना एखाद्या बँक मॅनेजरशी बोलावं तशी 'झी' म्हणे.

पण ती बोलू लागली. आणि एक गंमत व्हायला लागली. त्यांना येणारे शब्द इतके थोडे होते की आडून, वळून, पाल्हाळ लावून काही सांगताच येत नसे. जे असेल ते सरळच सांगावं लागे. एकदा प्रश्न होता, तुम्ही दिवसभर काय करता? महिपतींनी शब्द जुळवले. "इश बिन रेंटनर." मी रिटायर आहे. "इश हाबं काइनं आरबाइट." मला काम नाही. मग थोडं थांबून, "डेअर टाग इस्ट लांग." दिवस मोठा आहे.

संजीवनीने त्यांच्याकडे पाहिलं. सासरे रिटायर झाले हे तिला माहीत होतं. त्यांना दिवस मोठा वाटतो, हे त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. गोजरबाईंनासुद्धा नाही.

तिची पाळी आली. "माइन मान इस्ट निश्त हिअर," ती म्हणाली. माझा नवरा इथे नाही. "इश बिन आलाइन." मी एकटी आहे.

महिपतींनी मान हलवली. मराठीत हे ऐकलं असतं तर त्यांनी उठून पाणी पिण्याचं निमित्त काढलं असतं. इथे पुढचा प्रश्न विचारावाच लागणार होता. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि स्वतःचाच प्रश्न विचारला, "तुला इथे काय आवडतं?" संजीवनीने विचार करून सांगितलं, गच्ची आवडते, आणि आईंची मिरचीची भाजी.

या सगळ्यात गोजरबाईंचं टपालखातं बंद पडलं होतं, आणि त्याचा त्यांना राग येत चालला होता. आतून कान देऊन त्या ऐकत. त्यांना एकच शब्द पुन्हा पुन्हा कळे.

"काय सारखं डास डास चाललंय?" एके दिवशी त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "चावतेत तर अगरबत्ती लावा. आन् मगाशी माझं नाव घेतलं का न्हाई? खरं सांगा. माझ्या तोंडावर माझीच निंदा करायला शिकताय व्हय दोघं?"

"आई, नाही हो!" संजीवनी हसत उठली. "आप्पा म्हणाले, गोजरबाई कोख्ट गुट. म्हणजे स्वयंपाक चांगला करतात."

"आन् त्याच्याम्होरं काय म्हणले?"

"त्याच्यापुढे म्हणालो," महिपतींनी कबूल केलं, "की बोलते फार."

गोजरबाईंनी आधी डोळे वटारले आणि मग त्यांनाच हसू फुटलं. त्या दिवसापासून त्या मोड्याशेजारी भाजी निवडायला बसू लागल्या. वहीबिही नाही, पण मिठाला डास झाल्त्स, पाण्याला डास वासर, एवढं त्यांनी आठवड्यात उचललं. जेवताना ऐटीत म्हणत, "वासर पाहिजे का कुणाला?" आणि स्वतःच म्हणत, "गोठ्यात बसल्यावानी वाटतंय."

असे दीड-दोन महिने बरे गेले. संजीवनीची बोलण्याची भीती पुष्कळ कमी झाली. क्लासमध्ये ती आता दुसऱ्यांच्या चुका दाखवू लागली होती. दुसऱ्या परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली.

त्याच आठवड्यात रविवारी सुयोगचा व्हिडिओ कॉल आला. संजीवनी चामटोलीला आईकडे गेली होती. सुयोग वडिलांना म्हणाला, "आप्पा, तिला एवढं टेन्शन नका देऊ. मागच्या वेळी दोन दिवस जेवली नव्हती म्हणे. राहू दे. पुढच्या वर्षी बघू. कदाचित मीच परत येईन." महिपतींनाही ते आठवलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरीचा चेहरा कसा पांढरा पडला होता. सुनेचा त्यांना आता लळा लागला होता, आणि लळा लागला की माणूस परस्पर ठरवायला लागतो. सोमवारी तिच्या आधी क्लासला पोचून त्यांनी सरांना सांगितलं, "संजीवनीचा फॉर्म या वेळी राहू द्या. पोरीला त्रास नको."

संजीवनी आली. सर फॉर्मांची यादी वाचत होते. यादीत तिचं नाव नव्हतं.

"सर, माझं राहिलं."

"तेरा तो आप्पाने कॅन्सल केला ना? या वेळी नाही बोलले."

तिने महिपतींकडे पाहिलं आणि खाली बसली. क्लास सुटल्यावर रिक्षात महिपतींनी दोनदा घसा खाकरला, पण तिची नजर रस्त्यावरच होती.

घरी आल्यावर तिने चप्पल काढली, हात-पाय धुतले आणि कणिक मळायला घेतली. नेहमीची वेळ झाली तसे महिपती खुर्चीवर येऊन बसले. गोजरबाई मेथी निवडत होत्या. संजीवनी कणकेच्या हातानेच बाहेर आली आणि उभ्या उभ्या बोलली. मराठीत तिला ते कधीच बोलता आलं नसतं. मराठीत ते सासरे होते.

"डू फ्राग्स्ट मिश निश्त," ती म्हणाली. शब्द एकामागून एक नीट येत होते. "माइन मान फ्राग्ट मिश निश्त. नीमांड फ्राग्ट मिश."

गोजरबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"काय म्हणली ती?"

महिपतींनी मराठीत सांगितलं, "म्हणाली, तू मला विचारत नाहीस. नवरा विचारत नाही. मला कुणीच विचारत नाही."

"तुमाला 'तू' म्हणली?"

"हो."

"आन् खरंच न्हाई विचारलं तुमी?"

"नाही विचारलं."

"मग बराबर हाय तिचं," गोजरबाई म्हणाल्या आणि मेथीकडे वळल्या. पण कान तिकडेच होते.

महिपती खुर्चीतून उठले. सुनेसमोर उभं राहून काही म्हणायची त्यांना सवय नव्हती, पण शब्द पाठ होता. पहिल्या धड्यातलाच होता. "एन्टशुल्डिगुंग," ते म्हणाले. माफ कर. आणि मग, वहीत शंभरदा लिहिलेला, पण आजवर कुणालाही मनापासून न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. "वास म्योश्टेस्ट डू?"

तुला काय हवंय?

संजीवनीने मनगटाने डोळे पुसले. गालाला कणिक लागली. तिला परीक्षा द्यायची होती. तिने ते सांगितलं. तिला जायचं होतं. तेही सांगितलं. आणि मग एक लांब वाक्य तिने सावकाश, क्रियापद शेवटी ठेवून पूर्ण केलं. "इश म्योश्टं इम लाबोर आरबाइटन."

"लेबर?" गोजरबाई ताडकन म्हणाल्या. "लेबरचं काम करायला येवढं जर्मनीला जायचं? ते तर हितं एमआयडीसीत पण मिळतंय!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग संजीवनी हसायला लागली. रडता रडता हसायला लागली, आणि तिला थांबताच येईना. महिपतीही खुर्चीत बसून हसू लागले. "अगं, लाबोर म्हणजे लॅब! लॅबोरेटरी!"

हसणं ओसरल्यावर सगळं मराठीत बाहेर आलं. लग्नाआधी वर्षभर ती एमआयडीसीत एका रंगांच्या कारखान्यात नमुने तपासायच्या कामाला होती. तिला ते फार आवडायचं. बायोडेटात ते लिहिलेलंही होतं. बी.एस्सी. केमिस्ट्री, त्याखाली लॅब असिस्टंट. महिपतींनी तो कागद वाचला होता, मुलगी शिकलेली आहे म्हणून समाधान मानलं होतं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. जर्मनीला जाऊन तिला काय करायचंय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती जाणार म्हणजे नवऱ्याकडे जाणार, एवढंच.

"सुयोगला सांगितलंस हे?" महिपतींनी विचारलं. मराठीत आणि थेट.

"त्यांनी कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही."

"मग आता सांग."

कॉल लागला. सुयोग कामावरून नुकताच सुटला होता, डोक्यावर टोपी, मागे बसस्टॉप. संजीवनीने त्याला सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी नाही, आत्ताच परीक्षा द्यायची आहे. आणि तिकडे येऊन घरात बसायचं नाही. सुयोग आधी गोंधळला, मग जरा ओशाळला. "मला वाटलं, तुला बरं वाटावं म्हणून…"

"बरं वाटण्यासाठी आधी विचारायचं असतं," शेजारून गोजरबाई म्हणाल्या.

"चुकलं, आई. संजीवनी, चुकलं. हे बघ, आमच्याच गावात केमिकलवाले आहेत. पण लॅबसाठी जर्मनच्या आणखी दोन पातळ्या लागतील."

"करेन," संजीवनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं उघडं असतानाच महिपती कॅम्प दोनला हजर झाले. फॉर्म भरला गेला. कमलेश सर म्हणाले, "आप्पा, एक आपका भी भर दूँ? साथ में असाल तर पोरीला धीर येईल."

अशा रीतीने मुंबईतल्या परीक्षा केंद्रावर सासरे आणि सून एकाच दिवशी परीक्षार्थी म्हणून गेले. गोजरबाईंनी दोघांच्याही हातावर दही-साखर ठेवली. लेखी झालं, ऐकण्याचा पेपर झाला. तोंडी परीक्षेला चार-चार जणांना एकत्र बोलावत होते. फॉर्म पाठोपाठ भरलेले असल्यामुळे असेल, दोघं एकाच टेबलाला आली. समोर दोन परीक्षक बायका, एक जर्मन आणि एक पुण्याकडची.

आधी ओळख. महिपतींनी 'अंबरनाथ'चं एकेक अक्षर जर्मनमध्ये खणखणीत सांगितलं. मग चिठ्ठ्या. विषय होता खाणं-पिणं. संजीवनीच्या चिठ्ठीवर शब्द आला 'रविवार', आणि प्रश्न शेजारच्याला विचारायचा होता. शेजारी महिपती.

मागच्या वेळी इथेच तिची जीभ टाळ्याला चिकटली होती. तिने एक श्वास घेतला. "वास इस्ट डू आम झोनटाग?" रविवारी तू काय खातोस?

महिपती सरसावून बसले. रविवारी कोंबडी, त्यांनी सांगितलं. बायको करते. फार तिखट. आणि तिखट म्हटल्यावर त्यांना पुढचं वाक्यही सुचलं, "इश वाइनं." मी रडतो.

"या," संजीवनी आपसूक म्हणाली, "एर वाइन्ट इमर!" हो, हा नेहमीच रडतो.

जर्मन बाईंनी पेन खाली ठेवलं. तुम्ही यांना ओळखता का, त्यांनी विचारलं. संजीवनी न अडखळता म्हणाली, हे माझ्या नवऱ्याचे वडील. आम्ही बरोबर शिकतो. मग घरी कोण कोण असतं, स्वयंपाक कोण करतं, असं बाई विचारत गेल्या आणि ती सांगत गेली. मिरचीच्या भाजीपर्यंत सांगितलं. शेवटी पुण्याच्या बाईंनाच घड्याळ दाखवून तिला थांबवावं लागलं.

निकाल आला तो दोघांचा एकदमच. संजीवनीला शहाऐंशी. महिपतींना सत्तावन्न. एकतीस वर्षं मशीनच्या घरघरीत गेलेल्या कानांनी ऐकण्याच्या पेपरात दगा दिला होता. रेल्वे स्टेशनवरची जर्मन घोषणा त्यांना शेवटपर्यंत कळली नव्हती.

"ती तर मला आपल्या स्टेशनवरची पण कळत नाही," ते म्हणाले. त्यांना अजिबात वाईट वाटलेलं नव्हतं. पेढे त्यांनीच आणले, आणि बिल्डिंगमध्ये वाटताना दोन्ही निकाल सांगितले.

व्हिसाची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली. ते चार महिने संजीवनी वाट बघत बसली नाही. तिने पुढची पातळी सुरू केली आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लॅबच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीत तिथल्या साहेबांनी जर्मन येतं हे वाचून कपाटातून एक डबा काढला. लेबलवर बारीक जर्मन मजकूर. तिला सगळं कळलं नाही. पण कोरड्या जागी ठेवा, पाण्यापासून लांब ठेवा, हातमोजे घाला, एवढं तिने वाचून दाखवलं. "बाकीचं उद्या डिक्शनरी बघून सांगते," म्हणाली. साहेबांना तेच आवडलं असावं. सोमवारपासून ती कामाला लागली. सकाळी महिपती तिला शेअर रिक्षाच्या स्टँडपर्यंत सोडायला जात आणि जाता जाता दोघं, मनाला येईल त्या भाषेत, बोलत.

जानेवारीत ती गेली. आता सुयोगच्या गावात तिसऱ्या पातळीचा क्लास करते आहे. दर आठवड्याला तिचा फोन येतो, आणि गोजरबाई तक्रार करतात की सासरा-सून अर्धा अर्धा तास बोलत बसतात, त्यांच्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं येतात.

आणि महिपतींचा दिवस? परीक्षा ते पुन्हा देणारच आहेत. पण मध्यंतरी कमलेश सरांनी त्यांना एक काम लावलं. "आप्पा, रविवारी दोन घंटे या. ज्यांचं तोंड उघडत नाही, त्यांच्यासमोर फक्त बसा. शिकवू नका. गप्पा मारा."

मागच्या रविवारी नेरळकडची पायल नावाची एक मुलगी त्यांच्यासमोर आणून बसवली. नर्सिंग झालेली, हुशार, पण खाली मान घालून बसलेली. महिपतींनी नाव विचारलं. उत्तर नाही. गाव विचारलं. उत्तर नाही. मग त्यांनी विचारणं थांबवलं आणि नुसते बसून राहिले. खिडकीतून खालच्या बाजाराचा गलका येत होता, कुठल्यातरी गाडीवर चण्याच्या डाळीला फोडणी बसल्याचा वास येत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. महिपतींना घाई नव्हती.

शेवटी मुलीने मान वर केली. "इश हाबं हुंगर," ती अगदी हळू म्हणाली. मला भूक लागलीय.

"इश आउख!" महिपती म्हणाले. मलाही. त्यांनी वही मिटली, खुर्ची मागे सारली, आणि दोघं खाली दाल-पकवान खायला गेली.